माहेरी नाही, मुळापाशी

दारिशाच्या आई,

माझी कोयती आणि टोपली जागेवर दिसल्या नाहीत म्हणून लगेच तुझ्या मामांना न्याय करायला बोलावू नकोस. "पाहुण्यांना पूर्वजांनी जिवंत मुळांचे विणलेले पूल दाखवत हिंडतोस आणि आपलं मूळ वाऱ्यावर! जा, आपल्या आईकडेच जाऊन राहा!" असं तू काल चुलीपाशी म्हणालीस खरं. पण आपल्या रिवाजाप्रमाणे तुझ्या घरी नांदायला आलेला मी रुसून माहेरी गेलेलो नाही. आजच्या पाहुण्यांना जुन्या पुलावरून पार केलं की थेट आपल्या मुळापाशी जाणार आहे.

दारिशा पोटात होती तेव्हा आपण दोघांनी नव्या पुलासाठी रबराच्या झाडाचं जे मूळ सुपारीच्या पोखरलेल्या खोडातून नदीपार सोडलं, ते पलीकडच्या काठाला टेकलंय. आता मातीत रोवलं नाही, तर चढती नदी ते ओढून नेईल. मी पलीकडून रोवीन, पण अलीकडून खोड उचलून धरणारं माणूस हवं. शेजाऱ्याच्या हाती मी ते देणार नाही.

भात झाकून ठेवलाय. सुक्या मासळीची चटणी तुला लागते तशी झणझणीत वाटलीय. जेवून ये. राग उरला असेल तर तोही घेऊन ये, खोड उचलायला जोर लागतो.

पलीकडचा काठ माझ्या आईच्या गावचा आहे, कबूल. पण मी तोंड तुझ्याकडे करून बसेन.

बंतेई