एक्केचाळीसावं नाव

२ ऑगस्ट

यादी मी वाचायची! मुख्याध्यापकांनी कागद हातात ठेवला. "तुमचा आवाज खणखणीत आहे, बाई. साहित्य शिकवता." उद्या शाळेच्या व्यायामशाळेत लस. साठीच्या वरची पन्नास माणसं. मी नाव पुकारायचं, त्याने उठायचं, पडद्यामागे नर्स उल्कानताई सुई घेऊन बसणार. पुकारल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, असा नियम.

घरी येऊन यादी पाहिली. एक्केचाळीसाव्या ओळीवर मामंजी.

चौदा वर्षांत ते नाव माझ्या तोंडून गेलेलं नाही. आमच्याकडे कुठलीच सून सासऱ्याचं नाव घेत नाही. त्या नावात एक साधा शब्द दडलेला आहे — नदीत पडलेली असते ती वस्तू, घराच्या पायात असते ती. तिलाही मी ‘कठीण’ म्हणते. वर्गातसुद्धा. मुलं खुदखुदतात. "बाई, नदीत फार कठीण आहेत!"

इथेही तो शब्द लिहिला नाही. आत्ता लक्षात आलं.

३ ऑगस्ट

नऊला मामंजी पहिल्या बाकावर. धुतलेला पांढरा कल्पाक, लोकरीची उंच टोपी, डोक्यावर, हात गुडघ्यांवर. मी पुकारत गेले.

म्हाताऱ्या बायकांचा नुसता गोंगाट. "मेंढरांना टोचतो तेव्हा पाठीवर रंग मारतो. आम्हाला कुठे मारणार, गं?" उल्कानताई पडद्यामागून — "तुम्हाला जिभेवर! निदान दोन दिवस शांतता."

पडदा म्हणजे एक चादर, तीही अपुरी. माझ्या खुर्चीवरून चेहरे दिसत नव्हते. फक्त दंड दिसत होते. एकामागून एक चाळीस दंड. मनगट उन्हाने रापलेलं, तांबडं-काळं. कोपराच्या वर मात्र दुधासारखं पांढरं — तिथे ऊन कधी पोचलंच नाही. आणि त्या पांढऱ्यावर, प्रत्येकाच्या, तोच वाटोळा वण. देवीच्या लशीचा.

एक रोग पृथ्वीवरून कायमचा गेला. त्याची पावती ही माणसं साठ-सत्तर वर्षं बाहीखाली घेऊन फिरताहेत. मेंढरं राखताना, कोळसा खणताना, पोरं जन्माला घालताना. कुणी कधी बोललं नाही. मी याच गावात कविता शिकवते, आणि मला हे माहीत नव्हतं!

चाळीस झाले. बोट पुढच्या ओळीवर गेलं. तोंड उघडलं. हवा आली. आवाज आला नाही.

मी बेचाळीसावं नाव पुकारलं.

यादी दुसऱ्या कुणाच्या हातात देता आली असती. तेवढंही सुचलं नाही. मामंजी आणखी दोन नावं होईपर्यंत बसले. मग गुडघ्यांवर जोर देऊन उठले, बाहेर गेले. शेवटी एक मात्रा उरली. ती दुकानवालीच्या आईला दिली. पेटी रिकामी.

घरी चहा घेताना म्हणाले, "नाव नाही निघालं. सरकारला वाटलं असेल, म्हातारा केव्हाच गेला." हसले. हसता हसता खोकले. तीस वर्षं खाणीत काढलेली फुप्फुसं. खोकला थांबेना. मी कप भरत राहिले.

४ ऑगस्ट

मामंजी घोड्यांकडे गेले, वरच्या कुरणावर. नाव मीच गाळलं, हे सांगितलं नाही मी.

५ ऑगस्ट

मॉस्कोहून यांचा फोन. यांना सांगितलं. "एवढी शिकलेली तू! एक नाव घ्यायला काय जात होतं तुझं?"

यांची आई गेली तेव्हा हे येऊ शकले नव्हते. विमानं बंद होती. गेल्या वर्षी जुलैत सासूबाई अकरा दिवस आजारी होत्या. अकराव्या दिवशी फुप्फुसं थांबली. तेव्हा लस नव्हती. आता होती — मामंजींच्या नावाची, पेटीत, मोजून.

७ ऑगस्ट

वर कुरणावर, मामंजींच्या शेजारच्या तंबूतल्या साद्यीरना ताप. घोडीच्या दुधाला वासच येत नाही म्हणतात. मामंजी आणि ते एकाच कटोऱ्यातून पितात.

धावत उल्कानताईकडे गेले. सगळं सांगून टाकलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे तो आपणहून गेला नाही? तू पुकारलंच नाहीस?"

"नाही."

"मला हाक मारायचीस! पडदाच होता मध्ये, भिंत नव्हती!" मग — "मीही माझ्या सासऱ्याचं कधी घेतलं नाही. मेल्यावरसुद्धा." नवी पेटी बारा तारखेला येणार. "मी फोन करते म्हाताऱ्याला. तू नको करू."

८ ऑगस्ट

मामंजी खाली आले. ताईने नाकातला नमुना घेतला. आजार नाही. अजून. बाहेरच्या खोलीत एकटे राहतात. मी उंबऱ्यावर ताट ठेवते. ते आतून म्हणतात, "मीठ बरोबर आहे, पोरी." मीठ रोज तेच असतं.

नदीवर गेले. ती मोठ्याने वाहते, कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून. नाव घेऊन पाहिलं. तिथेही निघालं नाही.

१० ऑगस्ट

साद्यीर गेले. छप्पन्न वर्षांचे.

११ ऑगस्ट

पुन्हा नमुना. पुन्हा काही नाही. ताई म्हणाली, "नशीब म्हण." नदीवर गेले. पहिला अर्धा भाग निघाला!

१२ ऑगस्ट

रात्र झालीय. तरी आजच लिहायला हवं.

तीच व्यायामशाळा. नवी यादी. मामंजी सातवे. मी ठरवलं होतं — घ्यायचंच. सगळ्यांसमोर. लाज गेली तर जाऊ दे. ताईला तसं सांगूनही ठेवलं होतं. साद्यीरच्या मातीहून आलेली माणसं बाकांवर होती, कुणी विनोद करत नव्हतं.

सहावा आत गेला. मी श्वास घेतला.

त्याआधीच मामंजी उठले. डोक्यावरचा कल्पाक काढला. हा माणूस तो कुणासमोर काढत नाही! टक्कल, त्यावर उन्हाची रेघ. मी कधी पाहिलं नव्हतं. खाली बघावं की नाही, कळेना. ते ताठ उभे राहिले आणि लष्करात हजेरी देतात तसं मोठ्याने बोलले — स्वतःचं नाव, बापाचं नाव, जन्माचं साल.

कुणी हललं नाही. त्यांच्यासारख्या वडीलधाऱ्याला लोक पुकारतात. तो स्वतःला पुकारत नाही.

मी खूण केली. ते पडद्याआड गेले. दंड दिसला. तांबडं, मग पांढरं, मग तो वण. त्याच्या दोन बोटं खाली सुई.

मी आठवं नाव वाचायला मान वर केली, तर आठवी बाई आधीच उभी! स्वतःचं नाव, बापाचं नाव, साल. मग नववा. मग दहावी. बाकांवरून एकेक जण उठत होता आणि आपलं नाव त्या उंच छताखाली ठेवत होता. थरथरते आवाज, घोगरे आवाज. एकीला साल आठवेना. मागून तीन बाया ओरडल्या, "दुष्काळाचं! दुष्काळाचं!"

शेवटपर्यंत मी एकही नाव वाचलं नाही. फक्त खुणा केल्या. कागद ओला झाला होता.

१३ ऑगस्ट

मामंजींना जरा कणकण. जेवले. दंड दुखतो म्हणाले, खूश होऊन.

१५ ऑगस्ट

उल्कानताई चहाला आली. मी म्हटलं, "तुम्ही फोनवर सांगितलंत म्हणून कळलं त्यांना. नाहीतर नाव यादीत नव्हतं असंच समजत राहिले असते."

ताईने पाव बुडवता बुडवता हात थांबवला. "मी कसलं सांगतेय! पहिल्या दिवशी सकाळी येऊन यादी त्याने माझ्याच टेबलावर वाचली होती. बोट ठेवून. एक्केचाळीस."

"मग उठून का गेले?"

"मीही तेच विचारलं फोनवर. म्हणाला, बसून राहिलो असतो तर पोरीला बोलावं लागलं असतं."