लाकडाखालचा नंबर

अण्णा, दुकान अजून तिथेच आहे, बेलापूरला, वकिलांच्या ऑफिसांखाली. तुमच्या मागे बंदूक दुरुस्तीचं लायसन्स आता माझ्या नावावर आहे, तरी लोक आत येऊन विचारतात, "ताई, मिस्त्री कुठायत?" मीच मिस्त्री, असं सांगितलं की दोन मिनिटं दाराकडेच बघत राहतात. तुम्ही हसला असतात. पण ते सांगायला लिहायला बसले नाही. गेल्या मंगळवारी उलव्याचं ते छोटं रिव्हॉल्व्हर परत आलं. दुमडत्या चापाचं, कोटाच्या खिशात मावणारं.

मिठागराच्या मुकादमांचा नातू घेऊन आला होता. "आज्याचा हाय ताई. दसऱ्याला पूजा करतो आमी. पोलीस बोलले, लायसन्सचा नंबर आनि याच्यावरचा नंबर जुळला तर वारसाचे कागद करू. नाय जुळला तर जमा करा." जमा म्हणजे पुढे भट्टीत वितळणार, हे त्याला ठाऊक होतं. मिठागर गेलं, जुनं घर पाडून टॉवर उभा राहिला, आजोबांची म्हणून एवढी एकच वस्तू उरली आहे. घोड्याची स्प्रिंग मिळेल का, असंही त्याने भीत भीत विचारलं. मी म्हटलं, पूजेला न चालणारंच बरं, आधी नंबर बघू. उलटं केलं तर मुठीचा तळ सपाट, गुळगुळीत, एक आकडा नाही. तो गुळगुळीत कोणी केला हे जगात एकटी मीच सांगू शकत होते.

तेव्हाचं सांगते, मी पंधरा वर्षांची आहे. उद्या खंडेनवमी. तुम्ही कामाला पनवेलला गेला आहात आणि मुकादम संध्याकाळी पूजेसाठी आपलं हत्यार न्यायला येणार आहेत. टेबलावर ते पडलंय, गंजाने तपकिरी. मला वाटतं, अण्णा खूश होतील. पॉलिश पेपर घेते आणि चकचकीत होईपर्यंत घासते. तुम्ही आलात, उचललंत, चष्मा काढून जवळून पाहिलंत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. "चकाकी कुणी मागितली होती? जुनं हत्यार वाचायचं असतं बाळ. तू अक्षरं पुसलीस." मग महिनाभर मला टेबलाला हात लावू दिला नाहीत. त्याचा मला भयंकर राग आला होता. त्याहून मोठी भीती ही की तुम्ही मुकादमांना माझं नाव सांगितलं असणार. ते दिसले की मी मागच्या दाराने घरी पळायचे, लग्न होईपर्यंत.

महिना सरल्यावर मात्र तुम्हीच शिकवलंत. नळीवरच्या नावाला भुलू नको, नाव कोणीही ठोकतं. आधी चाप बघ, मग गोळ्यांची चक्री, मग मुठीचं लाकूड काढ. मंगळवारी त्याच क्रमाने गेले. चाप दुमडणारा, म्हणजे शंभर वर्षांहून जुनं. चक्रीवर अर्धा झिजलेला लंबगोल छाप, म्हणजे बेल्जियमचं. चक्रीच्या पाठीवर तीन आकडे होते आणि लायसन्सच्या नंबरचे शेवटचे तीन तेच होते. जीव जरा भांड्यात पडला. पण चक्री काय, दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचीही बसते. तुमच्या त्या बिस्किटांच्या डब्यातल्या सुट्या चक्र्या किती जणांना बसवून दिल्यात तुम्ही. राहिलं लाकूड. स्क्रू हलेना. "तुटल काय?" नातवाने पुढे वाकून विचारलं. शेवटी मुठीची फळी सुटली आणि तिच्या आत पेन्सिलीने लिहिलेलं तुमचं अक्षर दिसलं. पूर्ण नंबर, आणि खाली, 'तळाचा नंबर माझ्या हातून घासला गेला. चक्री मूळचीच आहे. मालकास कळवले.' सही, तारीख.

माझ्या हातून. तीनदा वाचलं. फौजेत असताना पलटणीची हत्यारं इतकी वर्षं सांभाळलीत, एक ओरखडा कधी येऊ दिला नाहीत, आणि हे लिहून खाली सही केलीत. आता कळलं, दुकानात शिरताना मुकादम "काय मिस्त्री, आज काय घासताय?" असं का म्हणायचे. मागच्या दारातून ऐकायचे मी ते. मला वाटायचं, टोमणा मला आहे. तुम्ही चहा मागवून गप्प हसायचात.

चक्री, छाप, तुमची नोंद, सगळं लिहून रिपोर्ट दिला. काल नातवाचा फोन आला, पोलिसांनी मान्य केलं, रिव्हॉल्व्हर घरातच राहील. मग म्हणाला, "तुमच्या बाबांकडून चुकला होता तं. चालतंय ताई, मानूस हाय."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, अण्णा. पण "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. तुमच्या सहीवर खाडाखोड नको म्हणून गप्प बसले, असं सकाळपासून स्वतःला समजावतेय. तसं काही नाही. मला अजून लाज वाटते, आणि या वयातही मी मागच्या दारानेच पळाले.