ठकी बाकावर का?

७ ऑगस्ट

हरलो! बारा गुणांनी. आणि हरणारच होतो — ज्या संघाचा कोच ऐन सामन्यात बुटाची लेस बांधत बसतो, तो संघ जिंकणार कसा?

ठकीच्या शाळेच्या मुलींचा बास्केटबॉल संघ, मोसमातला पहिला सामना. ठकी दहावीत, म्हणजे शाळेकडून खेळायचं हे शेवटचं वर्ष. मैदान म्हणजे शाळेमागचं सिमेंट. एका बाजूची जाळी फाटलेली, बघायला बसायचं ते जिन्याच्या पायऱ्यांवर. कोचला मुली 'शिट्टी' म्हणतात. बरोबरच आहे, तोंडातून दुसरं काही निघेल तर शपथ! पोरी चुकतायत आणि हा आपला गप्प. शेवटी मलाच ओरडावं लागलं. "ठकी, डावीकडे! डावीकडची मोकळी आहे! अगं पास दे ना, कवटाळून काय बसलीस चेंडूला!" मी कॉलेजात दोन वर्षं खेळलेय, मला दिसतं. रेफ्रीलाही एक फाउल दाखवून दिला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू फाउल मीच केलाय.

शेजारी कॅप्टनचे वडील, मांडीवर थर्मास घेऊन. स्वतःची मुलगी आपटली तरी हे टाळ्या वाजवतायत! "छान खेळतायत ना मुली?" म्हणे. कपाळ माझं!

जेवताना ठकीला तिच्या चुका एकेक करून समजावल्या. कोपर कुठे हवं, नजर कुठे हवी, सगळं. "हो आई," म्हणाली. आमचे हे म्हणतात, "जेवू दे की तिला." यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मध्ये बोलायचं मात्र असतं.

१४ ऑगस्ट

ठकी बाकावर! अख्खा सामना! तिच्या जागी कोण, तर चेंडू समोर आला की डोळे मिटून घेणारी एक पोर. तिच्या हातून चेंडू किती वेळा सुटला ते मोजणंच सोडून दिलं मी.

घरी विचारलं, "सर काय म्हणाले?"

"काही नाही."

"पाय दुखतोय का?"

"नाही."

"मग?"

"आई, मला अभ्यास आहे."

हल्ली या मुलीशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलल्यासारखं आहे. दोन शब्दांच्या वर उत्तर नाही.

२२ ऑगस्ट

पुन्हा बाक. शिट्टीच्या डोक्यात काय भरलंय देव जाणे — बहुतेक भुसा.

३० ऑगस्ट

आज सामना गावाबाहेरच्या शाळेत होता, जाता आलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन अक्कलदाढा काढायला ठेवल्या होत्या, आणि अशा दिवशी काउंटरवर मी नसले तर त्यांचं पान हलत नाही. पेशंटची नावं पुकारा, पैसे घ्या, घाबरलेल्यांना धीर द्या. एक चांगला पहिलवानासारखा गडी, नाव पुकारलं तसा उठला, "गाडी नीट लावली नाही वाटतं," म्हणाला, आणि जो गेला तो गेलाच. पुरुषांचं शौर्य बघावं तर ते दातांच्या दवाखान्यात!

संध्याकाळी ठकी आली. "जिंकलो."

"आणि तू? खेळवलं की नाही?"

"खेळले थोडी."

आंघोळीला गेली. आतून गाण्याचा आवाज येत होता.

२ सप्टेंबर

मंडईत थर्मासवाले भेटले. (आज थर्मास नव्हता, ओळखायला वेळ लागला.) "अहो, तुमच्या लेकीने काय कमाल केली परवा! अठरा गुण एकटीने!"

अठरा! आणि मला काय सांगते, तर 'थोडी'! आनंदाच्या भरात अर्धा किलो घ्यायच्या जागी दोन किलो टोमॅटो घेऊन बसले. पण घरी येता येता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी जाते तेव्हा ठकी बाकावर. मी गेले नाही, ठकी मैदानात! पहिल्या सामन्यात शिट्टी गप्प असताना मी चारचौघांत पोरींना शिकवलं, ते याला झोंबलंय. माझ्यावरचा राग पोरीवर काढतोय! केवढा हलकट माणूस!

यांना सगळं समजावून सांगितलं. यांनी पेपराची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. "असेल," म्हणाले. असेल काय, असेल? पोरीचं नुकसान होतंय आणि बापाला काही आहे का त्याचं!

११ सप्टेंबर

पकडला! रंगेहाथ पकडला!

आज सेमीफायनल, शाळेच्याच मैदानावर. घरी म्हटलं, मला काही जमायचं नाही. दुपारी डॉक्टरांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि थेट शाळेचं फाटक गाठलं. आत गेले नाही, खांबाआड उभी राहिले.

ठकी खेळत होती. अगं बाई, काय खेळत होती! दोघींच्या मधून अशी निसटली की त्या एकमेकींवर धडकल्या. चेंडू जाळीत. लगेच मागे पळत पळत बाकीच्यांना ओरडून काहीतरी सांगतेय, हसतेय, कॅप्टनच्या पाठीवर थाप मारतेय. ही आमचीच ना? घरात तोंडातून शब्द फुटत नाही ती? मला भरूनच आलं. राहवलं नाही, तशीच पायऱ्यांपर्यंत गेले. "शाब्बास ठकी! आता उजवीकडून काढ! उजवीकडून!"

पुढचा पास तिच्या हातातून निसटला. चेंडू रेषेबाहेर गेला. ठकी कमरेवर हात ठेवून शिट्टीकडे बघत राहिली. बिचारी, तिला कळलंच पुढे काय होणार ते! शिट्टी उठला, बदली मुलगी पाठवली. ठकी बाकावर जाऊन डोक्यावर टॉवेल घेऊन बसली.

मी आल्यापासून एक मिनिट तरी झालं होतं का? आणखी काय पुरावा पाहिजे?

जेमतेम दोन गुणांनी जिंकले. वीस तारखेला फायनल. त्या दिवशी विभागाच्या संघासाठी मुली निवडायला माणसं येणार आहेत. बाकावर बसलेल्या मुलीला कोण निवडणार? आजवर जे झालं ते झालं, पण फायनलला ठकी खेळलीच पाहिजे. मी रजा टाकलीय. पहिल्या पायरीवर बसणार, आणि हा माणूस तिला कसा खेळवत नाही तेच बघते!

१६ सप्टेंबर

देव आहे! नक्की आहे!

आज दवाखान्याचं दार उघडून कोण आत यावं? शिट्टी! एक गाल टम्म फुगलेला. दाढ काढावी लागली. काढल्यावर अर्धा तास कापूस दाबून गप्प बसायचं असतं, आणि ते बसायचं कुठे, तर माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत.

सोडते काय! म्हटलं, "तुम्हाला लाज नाही वाटत? भांडण असेल ते माझ्याशी भांडा. पोरीचा काय गुन्हा? अठरा गुण करणारी मुलगी तुम्ही बाकावर कुजवताय, आणि डोळे मिटून खेळणारीला मैदानात सोडताय! फायनलला तिला बसवलंत ना, तर मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसेन मी!" शेजारच्या आजींनी हातातलं मासिक खाली ठेवलं. शिट्टीने काही सांगायला हात वर केला. "बोलायचं नाही," म्हटलं. "रक्त येईल."

इतका छान दिवस कित्येक महिन्यांत गेला नव्हता.

१८ सप्टेंबर

शिट्टी जखम दाखवायला आला. डॉक्टरांनी बघितलं, बरं आहे म्हणाले. बाहेर येऊन काउंटरपाशी उभा राहिला.

"ताई, परवा बोलता येत नव्हतं."

"आता बोला की."

"पहिला सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची मुलगी माझ्याकडे आली होती. म्हणाली, सर, आई येईल त्या दिवशी मला खेळवू नका. मी म्हटलं, असं कुठे असतं का? तर म्हणाली, मग मी संघच सोडते. सेमीफायनललाही तिनेच खूण केली, मला बाहेर घ्या म्हणून. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता मी तिला. पण ताई, फायनल आहे. निवडायला माणसं येतायत. तुम्हीच सांगा, काय करू?"

खोटारडा! असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. निघालं भलतंच. "गोळ्या जेवणानंतर घ्या," म्हटलं.

घरी येऊन यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्या थर्मासवाल्यांना?"

"माहीत असेल. मुलींना सगळ्यांनाच माहीत आहे."

वा! म्हणजे सगळ्या दुनियेत मूर्ख कोण, तर मी एकटी! पायरीवर बसून घसा फोडत होते आणि बाकीचे एकमेकांकडे बघत असणार. हे म्हणाले, "अगं, तिचा तुझ्यावर राग नाही. पण तू ओरडायला लागलीस की तिला तुझ्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही." इतकी वर्षं पेपरात डोकं घालून बसलेला माणूस, आज बरी वाचा फुटली!

ठकी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. दारापर्यंत गेले. विचारायचा धीर झाला नाही. मला फार वाईट वाटतंय. फार.

२० सप्टेंबर

सकाळी ठकीला सांगितलं — डॉक्टरांनी रजा दिली नाही, फायनलला यायला जमणार नाही. वाटलं होतं, निदान दाखवायला तरी हिरमुसेल. "खरंच?" म्हणाली, आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडली.