राणी आरवली

अगं,

तू कामावर गेलीस आणि आपली राणी आरवली. कोंबडी नाही, कोंबडा आहे तो. शेजारी ऐकतील म्हणून मी त्याच्यावर टोपली घातली. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतं का?

मादी म्हणून मीच निवडून आणली होती. तुरा वाढतोय असं तू म्हणालीस, तेव्हा तुलाच वेड्यात काढलं. चुकलो.

पिल्लाचा पंख उलगडला की मादीची पिसं एक लांब, एक आखूड असतात, नराची सगळी सारखी. हॅचरीत सव्वीस वर्षं एका नजरेत नर की मादी सांगत आलो. गेले पाच-सहा महिने पिसं धूसर दिसतात, सगळं अंदाजपंचे चाललंय. आमच्याकडे नर अंड्यातून निघतात त्याच दिवशी मारतात, तुला ठाऊक आहे. नरांच्या त्या खोक्यात मी किती माद्या टाकल्या असतील, कोण जाणे.

साहेबांना सांगायला चाललोय. डबा नेलेला नाही, तूच खा. आल्यावर टोपली काढ, दाणे टाक. त्याला कापायचं नाही.

अक्षर एवढं मोठं काढलंय, ते तुझ्यासाठी नाही. याहून लहान मला वाचता येत नाही.