नोरीनचा शेवटचा बोर्ड

सोमवार, ९ ऑक्टोबर १९९५

केबल बसत नाही.

माझी बायको नोरीन वारल्यानंतर आज पहिल्यांदा कामावर गेलो. टेबलावर तिचा बोर्ड ठेवलेला – तिने आखलेला शेवटचा. मागच्या आठवड्यात तयार होऊन आला, तिने पाहिलाच नाही. मधोमध डीएसपी ही मुख्य चिप, कडेला पिनांच्या दोन ओळी. त्या पिनांवर एम्युलेटरची, म्हणजे तपासणी-यंत्राची, केबल लावली की चिपच्या पोटात काय चाललंय ते माझ्या पडद्यावर दिसतं. केबल लागली नाही, तर बोर्ड मुका.

डेल, आमचा मालक, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, घाई नाही. दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, शुक्रवारपर्यंत बोर्ड बोलला नाही तर मोडीत काढू, डॅलसच्या लोकांकडून नवा आखून घेऊ. तेलवाली गिऱ्हाइकं थांबत नाहीत.

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मोडीत!

ग्लेन थिबोडोने तिच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलेलं नाही. सर्किट त्याचं, आखणी तिची – इतकी वर्षं शेजारी बसून दोघांनी काम केलं. पण खुर्ची राखायची तर मी राखीन. हा कोण?

मंगळवार

सगळे करतात तेच केलं.

या पिनांमधली सहावी उपटलेली असते, आणि केबलचं सहावं भोक बुजवलेलं – कुणी उलटी घालू नये म्हणून. नोरीनच्या बोर्डावर त्या बुजवलेल्या भोकाच्या आड शेजारची पिन येते. वाटलं, जोडणाऱ्यांनी भलतीच पिन उपटली. होतं असं. आड येणारी पिन पक्कडीने कापून टाकली.

केबल बसली. बोर्डावरचा दिवा जळतोय, आणि एम्युलेटर म्हणतो, बोर्डाला वीजच नाही.

ग्लेन मागून डोकावला. "कापलीस? अरे, विचारायचंस तरी."

कुणाला विचारायचं? त्याला?

बुधवार

ग्लेनने दिलेला गम्बो, त्याच्या लुइझियानाकडचा दाट रस्सा, अजून फ्रीझरमध्ये आहे. चर्चच्या बायकांनी आणलेलं सगळं संपवलं, दर भांड्याखाली नावाची चिकटपट्टी बघून भांडी परतही केली. ग्लेनचं भांडं तेवढं राहिलंय. नोरीनला तो गम्बो फार आवडायचा. म्हणूनच बाहेर काढवत नाही.

बुधवार, पुन्हा

भिंगाखाली तारा तपासताना कोपऱ्यात तिच्या नावाची अक्षरं दिसली. ती प्रत्येक बोर्डावर तांब्याच्या थरात उमटवायची. शेजारी एक पाणकोळी. नखाएवढा, पण चोचीखालची पिशवीसुद्धा काढलेली. लुइझियानाचा राज्यपक्षी. म्हणजे ग्लेनचा.

तिचे एवढे बोर्ड मी चालू केले. माझ्यासाठी एकावरही काही नाही. साधी एक रेघ नाही.

राहवलं नाही, विचारलं. तो म्हणाला, "मी मागितला होता. आठवडाभर मागे लागलो तेव्हा कुठे काढला. तू कधी काही मागत नाहीस, असं म्हणायची ती."

माझ्याबद्दल याच्याशी बोलायची!

मी भिंग पुसून डबीत ठेवलं.

गुरुवार

सापडलं.

दुसरं काही सुचेना म्हणून बोर्ड उपडा केला आणि खालच्या बाजूने पिना मोजायला लागलो. खालून सगळं बरोबर! एक, दोन, रिकामी सहावी – जिथल्या तिथे. वरून पाहिलं तर आरशात पाहिल्यासारखं, दोन्ही ओळींची अदलाबदल. म्हणून वीज कळत नव्हती. ज्या पिनेवरून एम्युलेटरला वीज कळते, तिच्या जागी या बोर्डावर उपटलेल्या पिनेची रिकामी जागा येत होती.

ग्लेनने आखणीसाठी दिलेला सर्किटचा नकाशा काढून पाहिला. खरं सांगायचं तर त्यात चूक सापडावी असं फार वाटत होतं. नकाशा बरोबर आहे. चूक नोरीनची आहे. बोर्ड कुठल्या बाजूने बघतोय हे ती विसरली. नोरीन! बाकीचे तिच्याकडून तपासून घ्यायचे.

जुन्या पिना काढल्या, नव्या खालच्या बाजूने बसवल्या. सहावी उपटली. बोर्डाची वीज बंद केली, केबल लावली, वीज दिली. चिपने उत्तर दिलं. पडद्यावर आकडे आले.

कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलंय. पिना खाली सोयीच्या पडतात म्हणून हलवल्या, एवढंच म्हणायचं. तिच्यासाठी करण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं. ते माझ्या वाट्याला आलं.

शुक्रवार

तेही त्याने घेतलं.

डेलने सगळ्यांसमोर बोर्ड उलटा धरून विचारलं, पिना खाली का? मी तोंड उघडायच्या आत ग्लेन म्हणाला, "माझी चूक. नकाशा मीच उलटा काढला. नोरीनने मी दिला तसाच आखला." डेलने त्याला चांगलंच सुनावलं. म्हणाला, पुढच्या वेळी चष्मा घालून काढ. ग्लेन खाली मान घालून हसला.

मी खरा नकाशा पाहिला होता. तिला सांभाळून घ्यायचं तर तेही सगळ्यांदेखत, माझ्याआधी, यानेच!

बाहेर गाड्यांपाशी गाठला. म्हणालो, तुझी चूक नव्हती. तिचं चुकलं हे तुला कसं कळलं?

तो किल्ल्यांशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ऑगस्टपासून तिची डाव्या-उजव्याची गल्लत होत होती. तिनेच त्याला सांगितलं होतं, रोज माझं काम तपासत जा आणि कुणाला कळू देऊ नकोस. हा बोर्ड बनवायला गेला त्या आठवड्यात तो आईजवळ लाफायेतला होता. तेवढा एकच सुटला. आज पिना खाली पाहिल्या आणि त्याच्या लक्षात आलं.

मला तर तिच्या आजाराचं डॉक्टरांनी सप्टेंबरात सांगितलं. ऑगस्टभर ती रोज माझ्यासमोर बसून जेवत होती.

"तुला सांगितलं," मी म्हणालो. "मला नाही."

"तुला कसं सांगणार? म्हणायची, घरी गेल्यावर तरी मला आजारी असल्यासारखं कुणी बघू नये."

मी गाडीत बसलो. तो तिथेच उभा होता. मी काच खाली केली नाही.

रविवार

गम्बो गरम करून खाल्ला. तिखट होता. भांडं द्यायला ग्लेनकडे गेलो. भांडं घेऊन तो दारातच उभा राहिला. मग दुसरीकडे बघत त्याने विचारलं, घरी ती हसायची का रे, त्या ऑगस्टात?

रोज, मी म्हणालो. हवामान सांगणाऱ्या त्या टीव्हीवरच्या माणसाची नक्कल करायची. मक्याचा पाव करपवला तरी हसायची.

"रोज?" तो म्हणाला. "माझ्यासमोर एकदाही नाही."