तक्रार क्रमांक एक: लाल गोळा

३ फेब्रुवारी, सोमवार. दुकानात.
ती आली. मी कॉलेज सोडल्यापासून (सोडलं. काढलं नाही. हे इथे नोंदवून ठेवतो) पहिल्यांदाच. मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात पोस्टर छापायला. तिनं आणि वर्गातल्या तिघांनी मिळून गेम बनवलाय, ‘काजळगड’. तलवार घेऊन फिरायचं, राक्षस मारायचे, ताकद वाढवत जायचं. सगळं जुन्या धर्तीचं, चौकोनी ठिपक्यांचं पिक्सेल-आर्ट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, पण विकायलाही ठेवलाय. चित्रं तिची. कोडिंग चष्म्याचं (वर्गातला जाड भिंगांचा पोरगा, मी त्याला चष्माच म्हणतो). चष्मा सोबतच होता. हा माणूस कायम सोबतच असतो.

पोस्टरवरच्या हिरोच्या गळ्यात लाल मफलर! मागच्या थंडीत कॉलेजात लाल मफलर कोण घालायचं? मी. (मफलर मामाचा होता, पण तो मुद्दा वेगळा.)

ती म्हणाली, डेमो फुकट आहे, खेळून बघ, आवडला तरच घे. ‘तरच’ म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं. चष्मा म्हणाला, कागद उलटा टाकलायस. टाकला होता.

ठराव: कसून तपासल्याशिवाय घेणार नाही. प्रेम प्रेमाच्या जागी, परीक्षण परीक्षणाच्या जागी.

४ फेब्रुवारी, दुपार.
डेमो खेळलो. भिकार. माणसाला नाक म्हणून एक चौकोन. हिरो डावीकडे कलून चालतो, पाठीत उसण भरल्यासारखा. पहिल्याच दारात एक लाल गोळा. हात नाहीत, पाय नाहीत, नुसत्या भुवया. काही विचारपूस नाही, थेट अंगावर. नेम चुकला की भिंतीवर आपटतो, भुवया आवळतो, पुन्हा अंगावर.

चौदा वेळा मेलो. कीबोर्ड जुना आहे. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, फोनवर कुणाशी भांडतोयस.

६ फेब्रुवारी.
गेमच्या पानावर ‘कटुसत्य’ या नावानं एकोणीस तक्रारी टाकल्या. क्रमांक एक: लाल गोळा अवाजवी चिवट आहे, इतका आडमुठा प्राणी जगात असू शकत नाही, त्याला ताबडतोब कमजोर करा. क्रमांक चार: हिरोची चाल वाकडी. क्रमांक अकरा: कोड लिहिणाऱ्यानं आधी माणसांत राहायला शिकावं.

दहा मिनिटांत चष्म्याचं उत्तर. सविस्तर अभिप्रायाबद्दल आभार. गोळा भिंतीवर आपटेपर्यंत थांबा, मग वार करा, घाई करू नका.

मला म्हणे घाई करू नका! तत्क्षणी उत्तर टाकलं. त्यात शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या. रागात होतात.

७ फेब्रुवारी.
ताईनं जेवताना विचारलं, तो गेम घेणारेस का नाही एकदाचा? म्हटलं, विचार चालू आहे. म्हणाली, एवढा विचार कॉलेज सोडताना केला असतास तर!

ताटावरून उठलो. पाच मिनिटांनी परत बसलो. स्वाभिमान आणि भूक हे स्वतंत्र विषय आहेत.

८ फेब्रुवारी.
खरा प्रश्न एकच: हिरो मी आहे का?
असेन, तर गेम घेण्यासारखा आहे, मग नाक असो नसो. आणि बुधवारी ती प्रोजेक्टचा रिपोर्ट बाइंडिंगला आणणार आहे तेव्हा मनातलं सरळ सांगून टाकायचं. नसेन, तर गेमही नको आणि तीही नको. इतकं सोपं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार.
घेतला. पण हरलो म्हणून नव्हे. योजना अशी: दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर विकणारी कंपनी पैसे परत देते. तेवढ्यात पुरावा मिळवायचा.

हिरोला त्याच्या घरात खिडकीपाशी उभं केलं आणि वहीत त्याचे ठिपके मोजायला घेतले. केस: उभे. माझेही. हनुवटी: करारी. चाल कललेली आहे, पण ती ऐट असावी. पुरावा निर्विवाद.

मध्ये जेवलो. नुसतं उभं राहणं म्हणजे खेळणं नव्हे, असं माझं प्रामाणिक मत होतं. कंपनीचं नाही. खेळलेला वेळ: दोन तास सतरा मिनिटं. गेम परत घेता येणार नाही. कथेतली प्रगती: शून्य टक्के.

हरकत नाही. हिरो आपला गेम परत करत नसतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
ती आली. चष्माही. मी बाइंडिंगची भोकं पाडता पाडता सहज विचारलं, हिरोचा मफलर कुठं तरी पाहिल्यासारखा वाटतो.

तेवढ्यात मामा आतून आला. डाव्या खांद्यावर कागदाचा खोका. डावीकडे कललेला. गळ्यात मफलर.

ती हसली. म्हणाली, अरे, अख्ख्या वर्गाच्या सबमिशन मामांनी वाचवल्यात, हिरो दुसरा कोण असणार? मामा लाजला. पन्नाशीचा माणूस, लाजला!

मी म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग चष्म्याला टोमणा म्हणून विचारलं, आणि तो लाल गोळा कुणावरून? याच्यावरून का?

चष्मा स्टेपलरकडे बघायला लागला. ती म्हणाली, चिडू नकोस हं.

चिडलो नाही. फक्त भोकं दोनदा पाडली गेली.

ती म्हणाली, मला सगळ्यांत तोच आवडतो. किती आपटला तरी माघार घेत नाही बिचारा. त्याला सहजासहजी मरू द्यायचं नाही हा माझाच हट्ट होता. पण कुणी कटुसत्य म्हणून आहे, खवट माणूस आहे, त्याच्या तक्रारीनंतर सगळेच ओरडायला लागले. आता बदलावं लागणार.

सांगणार होतो. तोंडही उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, कोण आहे कळलं ना, तर सोडणार नाही त्याला.

बाइंडिंग छान झालं म्हणाली. चष्म्याच्या स्कूटरवरून गेली.

१३ फेब्रुवारी.
कटुसत्यची तक्रार क्रमांक एक मागे घेतली. गोळा उत्तम आहे, त्याला हात लावू नका, असं लिहिलं. तीनदा लिहिलं.
चष्म्याचं उत्तर: काळजी नसावी, काम झालं आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
अपडेट आला. बदलांच्या यादीत पहिली ओळ: लाल गोळा आता एका फटक्यात मरतो. कटुसत्य यांचे विशेष आभार.

खेळून पाहिलं. खरंच मरतो. भुवया तेवढ्या थोडा वेळ राहतात.