पत्र्याला टेकलेली पाठ

अप्पा, शेडमध्ये गारवा कशाने करायचा हे ठरवायचं होतं, आणि विचारायला तुम्ही नव्हता.

मागच्या वैशाखात जळालेल्या मोटारीत नवी तार भरता भरता मला भोवळ आली. शुद्धीवर आले तेव्हा तांब्याची तार मुठीतच होती आणि आई तोंडावर पाणी मारत होती. "बाप इथंच बसल्या बसल्या गेला," ती म्हणाली. "एसी बसव, न्हाई तर शेडला कुलूप लावते. मंग बस माझ्यासंगं भाजी निवडत." शहागडात विहिरींवरच्या मोटारी जळायच्या थांबत नाहीत, आणि मला दुसरं काम नको आहे. कूलर स्वस्त पडला असता. पण तुम्ही कूलरवाल्याला परत पाठवलंत ती दुपार अजून दिसते. मी दप्तर घेऊन दारात उभी आहे, तुम्ही पत्र्याला पाठ टेकून तार गुंडाळता आहात. "वाइंडिंगला ओल चालत न्हाई," तुम्ही म्हणता. "माणसाचा घाम पुसता येतो." मोटार तापली का ते उलट्या हाताने बघायचं, हेही त्याच दुपारी शिकवलंत. करंट असला तर तळहात धरून ठेवतो, उलटा हात सुटून येतो.

म्हणून एसी. बसवणारा अंबडहून भर उन्हात आला. "ताई, ही शेड न्हाई, तवा हाय," म्हणाला. "आतून सगळीकडं थर्माकोल लावल्याबिगर गारवा टिकायचा न्हाई." माप घेत घेत तो तुमच्या जागेपाशी पोचला. तिथल्या पत्र्यावर तुमच्या पाठीचा तेलकट डाग आहे. बाकी पत्र्याला बोट लागलं तरी चटका बसत होता. त्याने डागावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "इथं थंड कसं लागून राह्यलं? मागं पाण्याची टाकी हाय का?" मागे उघडं वावर आहे, आणि ऊन. मी उलटा हात लावून पाहिला. खरंच थंड होतं. आई आत आली, डागाकडे पाहिलं, आणि तिने पदर डोक्यावर घेतला.

"तेवढी जागा सोड रे."

"गारवा जाईल, मावशी."

"जाऊ दे."

आता एसी चालतो. आई कुलपाचं नाव काढत नाही. शेड इतकी गार होते की माझी बोटं आखडतात. परवा बोटं आखडली म्हणून सहज डागाला उलटा हात लावला, तर तिथे ऊब होती. उन्हाची असेल म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. आभाळ भरलेलं होतं, पत्रा निवलेला. मग ध्यानात आलं की डागाचं काहीच बदललेलं नाही. भट्टीत जे थंड लागलं तेच गारठ्यात ऊबदार लागतं. माणसाच्या अंगाइतकं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, त्यामुळे एक सांगते. डागापुढचं तुमचं स्टूल मी हलवलेलं नाही, दिवसभर त्यावरच बसते. पण ताठ बसते. मी पाठ टेकली, आणि तुम्ही जरा सरकून जागा दिलीत तर?